मदत हवी आहे: विहिरींच्या पातळीवरून पुनर्भरण काढताना स्पेसिफिक यील्ड किती धरू?

एका छोट्या पाणलोटात किती उपसा परवडेल हे ठरवण्यासाठी आम्ही २४ उघड्या विहिरींची पाणीपातळी दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी मोजतोय. खडक बेसाल्ट, वर मुरुमाचा थर. पुनर्भरणाचा, म्हणजे जमिनीत मुरून भूजलात भर घालणाऱ्या पाण्याचा, हिशोब नेहमीचाच: पातळीतली वाढ गुणिले क्षेत्र गुणिले स्पेसिफिक यील्ड (पातळी उतरते तेव्हा खडकाच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी निथळून मिळतं तो आकडा). घोडं अडलंय ते या शेवटच्या आकड्यावर. झिजलेल्या बेसाल्टसाठी साधारण १ ते ३ टक्के धरतात, म्हणजे उत्तरात थेट तिपटीचा फरक. एवढ्या भरवशावर कुणाला ‘पीक बदला’ म्हणायचं धाडस होत नाही.

चार विहिरींवर उपसा चाचणी केली (पंप चालवून पातळी कशी उतरते ते मोजलं), पण बराचसा वेळ विहिरीत साठलेलंच पाणी उपसण्यात गेला. आकडा काही हाती लागला नाही. मग स्पेसिफिक यील्ड काढायला उन्हाळ्यातला उपसा भागिले (पाणलोटाचं क्षेत्र गुणिले पातळीतली घट), असं उलट गणित केलं. त्यात ओढ्याला पाझरून जाणारं पाणी धरलेलं नाही. पंपांचे तास, त्यांचा प्रवाह आणि रोजचा पाऊस नोंदवलेला आहे. नवीन बोअर घ्यायला पैसे नाहीत.

ओढा पूर्ण आटल्यानंतरच्याच नोंदी घेतल्या तर हे उलट गणित चालेल का? आणि मुरूम व खालचा खडक यांचे आकडे याच नोंदींतून वेगळे कसे काढायचे?