मदत हवी आहे: घरात जिन्याखाली ठेवलेलं डिझेल कुठे आणि कशात हलवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला मखमलाबादच्या बाजूला मळ्यात राहतो. तीन एकर द्राक्षबाग आहे, छोटा ट्रॅक्टर आणि त्याला फवारणीचा ब्लोअर. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं, धाकटी चार वर्षांची. जिन्याखालच्या कोनाड्यात डिझेलचे ३५ लिटरचे चार कॅन भरून ठेवलेले असतात. शेजारीच इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी आहे. तिथून पाच-सहा पावलांवर स्वयंपाकघर.

पूर्वी एकच कॅन असायचा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला. रात्री उघडीप मिळाली, पहाटे फवारणी व्हायलाच हवी होती. ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल नव्हतं, कॅन रिकामा होता आणि फवारणी सुरू व्हायला दुपार उजाडली. आठ दिवसांत डावणी या बुरशीच्या रोगानं निम्मे घड गेले. नाना (माझे सासरे) एकेक पान उलटं करून मागची पांढरी बुरशी बघत बांधावर बसले होते, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून त्यांचं ठरलं आहे की डिझेल घरात पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण गेल्या आठवड्यात दुपारी झाडू मारताना बघितलं तर एक कॅन फुगून गोल झाला होता. झाकण जरा सैल केलं तर फुस्स करून वाफ आली आणि घरभर वास पसरला. दुसऱ्या कॅनखाली फरशीवर तेलकट गोल डाग पडलाय, आणि त्या डागावर धाकटीची बाहुली पडलेली होती. तिच्या फ्रॉकला दोन धुण्यांनंतरही वास येतोय.

चारपैकी दोन कॅन खाद्यतेलाचे आहेत, एक तणनाशकाचा रिकामा कॅन धुऊन घेतलेला आहे. कशावरही काही लिहिलेलं नाही, आणि आमच्याकडे पिण्याचं पाणीही तसल्याच पांढऱ्या कॅनमध्ये असतं. काढताना आमचे हे नळी तोंडानं ओढतात. एकदा घोट गेला होता, दोन दिवस खोकत होते.

नाना म्हणतात, "डिझेलमध्ये पेटती काडी टाकली तरी विझते, ते काय पेट्रोल आहे का?" हे खरं आहे का? खरं असलं तरी चार वर्षांच्या मुलीच्या घरात ते असं ठेवावं का? मला डिझेल बंद करायचं नाहीये, घराबाहेर न्यायचंय. कशात ठेवू, किती ठेवू, कुठे ठेवू, आणि नानांना न दुखवता हे कसं सांगू? ज्यांच्याकडे अशी सोय केलेली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: जुना फिटर

ताई, आधी आजच्या आज कॅन जिन्याखालून काढा, बाकीचं सावकाश वाचा.

काडी विझते हे खरं आहे, पण गार डिझेलमध्ये. डिझेलची वाफ ज्या तापमानाला ठिणगीनं पेट घेऊ शकते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा तो किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे ३५ अंशांच्या खाली ते बऱ्यापैकी निमूट असतं. आता मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, बंद कोनाड्यात आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तुमचा कॅन फुगला तो त्या उकाड्यानंच. अशा दिवसांत नानांचा काडीचा प्रयोग कुणी चुकूनही करू नये. आणि गोणपाट किंवा चिंधी डिझेलनं भिजली की ती वातीसारखी जळते, तिला ऊन-थंडी लागत नाही.

शेजारी इन्व्हर्टर ही तर सगळ्यात वाईट जागा. लाईट गेली-आली की आतला रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) ठिणगी टाकतो, आणि चार्जिंगला असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो.

तोंडानं नळी ओढणं आजपासून बंद. डिझेल पोटात गेल्यापेक्षा श्वासातून फुफ्फुसात गेलं तर फार घातक, त्यातून न्यूमोनियासारखं दुखणं होतं. पोरीनं कधी चुकून प्यायलं तर उलटी काढायला लावू नका. उलटीबरोबर ते पुन्हा छातीत उतरतं. सरळ दवाखाना गाठा. हातानं फिरवायचा किंवा दाबायचा पंप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो आणा.

आग लागलीच तर पाणी ओतू नका. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ८३० ग्रॅम. ते पाण्यावर तरंगत पेटतंच पुढे सरकतं. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ ठेवा, डिझेलच्या पलीकडे नको. आटोक्यात येत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढून १०१ लावा.

प्रतिसाद: दिंडोरीकर

आमचीही बागच आहे, त्यामुळे नानांची धास्ती कळते. आम्ही काय केलं ते सांगतो.

घरापासून पंचवीसेक फुटांवर, गोठ्याच्या आणि कडब्याच्या उलट्या बाजूला चार बाय पाचची खोली बांधली. उत्तरेकडे तोंड, दोन बाजूंना खाली आणि वर विटांची जाळी, म्हणजे हवा खेळती राहते. आत लाईटचं कनेक्शन घेतलंच नाही, रात्री बॅटरीचा टॉर्च नेतो. पत्र्यावर उसाचं पाचट टाकावं असं एक जण म्हणाला होता, ते ऐकलं नाही, पांढरा रंग मारला. खाली सिमेंटचा उथळ हौद केला, एक अख्खा कॅन सांडला तरी बाहेर येणार नाही एवढा. कॅन फळीवर, जमिनीला टेकवत नाही. दाराला कुलूप, किल्ली वर खिळ्याला.

कॅन इंधनासाठीचेच घ्या, लोखंडी किंवा जाड प्लॅस्टिकचे, २० लिटरचे. ३५ चा भरलेला कॅन जवळजवळ ३० किलो होतो, ओतताना हात हलतो आणि सांडतं. जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं नको, डिझेल जस्ताशी झगडून खराब होतं. गळ्यापर्यंत भरू नका, उन्हाळ्यात फुगायला जागा ठेवा. लाल रंगात 'डिझेल' आणि भरल्याची तारीख लिहा, जुनं आधी वापरा. आपल्या हवेत सहा महिन्यांवर ठेवू नये असं माझं मत.

आता किती ठेवायचं. तुमच्या ट्रॅक्टरला ब्लोअरवर तासाला तीन-चार लिटर लागत असतील. १४० लिटर म्हणजे चाळीसएक तासांचं डिझेल झालं! तीन एकरांच्या एका फवारणीला एवढं कुठे लागतं? ४० लिटर भरपूर. आणि खरी युक्ती वेगळीच आहे: रोज संध्याकाळी ट्रॅक्टरची टाकी भरूनच लावायची. पहाटे चावी फिरवली की निघाले. शिवाय भरलेल्या टाकीत दव धरत नाही. निफाड-दिंडोरीच्या थंडीत अर्ध्या टाकीत पाणी जमतं, त्या पाण्यावर काळी शेवाळासारखी घाण वाढते आणि ऐन गडबडीत फिल्टर चोंदतो.

नानांना "डिझेल धोक्याचं आहे" असं सांगू नका. "पुन्हा कधी टाकी रिकामी सापडणार नाही" एवढी खात्री द्या. त्यांना तेच हवं आहे.

प्रतिसाद: कागदपत्रवाला

कायद्याचं थोडक्यात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी २५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. त्यामुळे तुमचे चार कॅन बेकायदा नाहीत. पेट्रोलला मात्र सूट फार कमी आहे, विक्रीसाठी नसलेलं फक्त ३० लिटर. दोन्ही एका खोलीत ठेवू नका. आणि परवाना लागत नाही म्हणजे जिन्याखाली ठेवलेलं चालतं, असा अर्थ काढू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅन त्याच संध्याकाळी बाहेर काढून पेरूच्या झाडाखाली सावलीत ठेवले. नानांना मी टाकीचंच सांगितलं, दिंडोरीकरांनी लिहिलं तसं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रोज भरणार कोण?" मी म्हटलं, "तुम्हीच भरा, तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात राहणार?" तेव्हापासून दिवेलागणीला ते स्वतः जाऊन टाकीचं झाकण उघडून बघतात. खोलीसाठी विटा पडल्यात, गवंडी सोमवारी येतोय. फरशीवरचा डाग कोरडी माती टाकून पुसला, वास अजून थोडा आहे.

एकच विचारायचं राहिलं. तणनाशकाच्या कॅनमधलं ३५ लिटर ट्रॅक्टरला वापरू का?

प्रतिसाद: दिंडोरीकर

ट्रॅक्टरला नको. आतल्या औषधाचं काय उरलंय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि इंजिनाच्या पंप-नोझलचा खर्च ३५ लिटरच्या कितीतरी पट होतो. गटारीत किंवा बांधावरही ओतू नका, विहिरीत उतरेल. जुनं ऑइल विकत घेणाऱ्याला, आत काय होतं ते सांगून द्या. बाकीच्या तीन कॅनमधलं थोडं थोडं काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी स्वच्छ, नितळ दिसलं आणि तळाला पाण्याचा थर नसला तर बारीक गाळणीतून टाकीत घाला. गढूळ दिसलं तर ठेवा बाजूला आणि फोटो टाका इथे.