सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) खराब असताना बचत खाते: आपले अनुभव लिहा

सहकारनगरकर
आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींबरोबर काल एका बँकेत गेले होते. यजमानांच्या रिक्षाच्या कर्जाला त्या जामीनदार होत्या आणि टाळेबंदीत हप्ते थकले, एवढे त्यांनी भाबडेपणाने सांगताच साहेबांनी अर्ज न उघडता परत सरकवला. "सिबिल खराब आहे, खातं होणार नाही." कारखाना बंद पडल्यावर माझ्या वडिलांनाही असेच परत पाठवले होते, त्याची आठवण झाली. कोणाला असा अनुभव आहे का?

हडपसरवासी
ताई, सिबिल कर्ज देताना पाहतात. बचत खात्यासाठी ओळख आणि पत्त्याचे कागद लागतात. माझ्या भावाने अर्जावर ठळक अक्षरांत 'मूलभूत बचत खाते' असे लिहून दिले आणि काम झाले. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये हे खाते सर्व बँकांना बंधनकारक केले असून त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड मोफत मिळते आणि महिन्यातून किमान चार वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

निवृत्त रोखपाल
काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य गेले म्हणून सांगतो: शून्य शिलकीच्या खात्यातून शाखेला मिळत काही नाही, काम मात्र वाढते, त्यामुळे सिबिल ही सोयीची सबब ठरते. तरीही ज्या बँकेचे कर्ज थकले आहे तिथे खाते उघडू नये, कारण जमा झालेला पगार ती थकबाकीत वळती करून घेऊ शकते. जनधन खात्यावरचा 10,000 रुपयांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसताना काढता येणारी रक्कम) हेही कर्जच असल्याने तो हक्काने मिळेल असे मात्र धरू नये.

मार्केट यार्ड
आमच्या गाळ्यावरच्या हमालाकडे कागदच नव्हते, त्याचे फोटो आणि अंगठ्यावर 'छोटे खाते' झाले. शिल्लक 50,000 आणि महिन्याला 10,000 काढण्याची मर्यादा आहे, पण मजुरी उशाखाली ठेवण्यापेक्षा बरे.

कसबा पेठ
नकार लेखी मागा, साहेबांचा आवाज लगेच खाली येतो! बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

सहकारनगरकर
काका, रिक्षाचे कर्ज फायनान्स कंपनीचे आहे, त्यामुळे वळतीची भीती दिसत नाही. सोमवारी अर्जाच्या दोन प्रती घेऊन जाणार आहोत. एकीवर पोच घेतल्याशिवाय मावशी उठणार नाहीत, असे त्यांनीच बजावले आहे.