पहिला लांबचा रस्ता: स्पोर्ट्स कार चालवत घरी आणल्याचे अनुभव

हवं ते मॉडेल, हवा तो गिअरबॉक्स, नीट राखलेली बॉडी आणि खरं बोलणारा मालक हे सगळं एकत्र जुळून येतं, तेव्हा गाडी नेमकी शेकडो किलोमीटर लांब उभी असते. मग दोनच मार्ग उरतात. ट्रेलरवर टाकून मागवायची, नाहीतर एकेरी तिकीट काढून तिकडे जायचं आणि चालवत घेऊन यायचं. माझं मत ठाम आहे: गाडी रस्त्यावर धावण्याच्या स्थितीत असेल तर ती चालवतच आणावी. रस्ता अनोळखी, गाडी अनोळखी आणि तासन् तास त्याच सीटवर बसायचं. अशा वेळी गाडी स्वतःबद्दल जे सांगते, ते घराजवळच्या फेऱ्यांत वर्षभरातही कळत नाही.

माझी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये दाखवली होती ती, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या हेडलाइटची. मालकासमोरच टप खाली केला आणि सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेली पाणी निचऱ्याची भोकं शोधली. ती पानांनी, मातीने तुंबली की टपावरून आलेलं पाणी आत साठतं आणि दाराखालचा पत्रा आतून गंजत जातो. बाहेरून काही दिसत नाही. बाटलीने थोडं थोडं पाणी ओतलं आणि वाकून बघितलं. मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली दोन्हीकडे सारखी धार पडली, तेव्हाच पैसे दिले.

निघाल्यावर अर्ध्या तासात थांबलो आणि चारही रिमांजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहिली. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय असं समजावं. चारही सारखीच कोमट होती. मग बॉनेट उघडून ऑइल, कूलंट आणि जमिनीवर कुठे थेंब पडलाय का ते पाहिलं. इतकं झाल्यावरच मन मोकळं झालं आणि हायवे सोडून जुना वळणावळणाचा रस्ता धरला. हायवेला या गाडीचं इंजिन पाचव्या गिअरमध्येही तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या) वर फिरत राहतं, कान किटतात. वळणांवर मात्र मनगट हलवावं तेवढ्यात गिअर पडतो आणि गाडी जिकडे नजर जाईल तिकडे वळते. पोचलो तेव्हा रस्ता आणखी हवा होता.

तुम्हीही लिहा. गाडी कोरी असो, सेकंडहँड असो, पन्नास वर्षांची असो. काय तपासून निघालात, वाटेत काय झालं, घरी येईपर्यंत गाडीबद्दल काय कळलं? ज्यांनी ट्रेलरवरून आणली त्यांचंही ऐकायचं आहे.

* * *

माझी कोरी होती, त्यामुळे अडचण वेगळीच. लांबच्या प्रवासात सगळ्यात सोपं म्हणजे हायवेला लागून एकाच वेगाने जात राहणं, आणि नव्या इंजिनाला नेमकं तेच नको असतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायच्या तर इंजिनावरचा भार सतत कमीजास्त व्हायला हवा. म्हणून क्रूझ कंट्रोल बंद, आणि गिअर चार, पाच, सहा, पुन्हा चार. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही आणि काटा चार हजारांच्या खाली. मॅन्युअलमध्ये पहिले ५०० मैल, म्हणजे साधारण ८०० किलोमीटर, हीच मर्यादा दिली होती. ब्रेक पॅडही कोरे, तेव्हा पहिले काही शे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळलं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवूनच चालवत होतो.

पायाखाली एवढी ताकद असताना पाय आवरणं सोपं नाही, पण त्या बंधनाने मला फार दिलं. कमी आरपीएमला इंजिन किती खेचतं, कोणत्या गिअरमध्ये कसा आवाज येतो, क्लच नेमका कुठे पकडतो हे सगळं घाई नसल्यामुळे अंगात मुरलं. पुढे मर्यादा संपली आणि पहिल्यांदा काटा वर नेला, तेव्हा गाडीवर हात बसलेला होता.

अमेरिकेत शेवरोलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांसाठी तर कोरी गाडी अशी चालवत नेण्याची रीतसर सोय आहे. ऑर्डर देताना ‘आर८सी’ हा पर्याय निवडला की गाडी शोरूमऐवजी केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या नॅशनल कॉर्व्हेट म्युझियममध्ये ताब्यात मिळते. कारखाना तिथेच जवळ. गाडी जिथे बनली तिथूनच लोक घराकडे निघतात. मला ही कल्पना फार आवडते.

* * *

नाक जमिनीला टेकलेल्या गाडीसाठी एकच सांगतो. गतिरोधक आणि पेट्रोल पंपाचा चढ समोरून सरळ घेऊ नका. तिरके जा, एकेक चाक चढू द्या. आणि अनोळखी ठिकाणी गाडी लावताना फुटपाथची उंची उतरून बघा, सीटवरून अंदाज येत नाही.

* * *

माझी माझदा आरएक्स-८. रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, काय असतं हे वाचून माहीत होतं, पण ते सांभाळायचं कसं हे आधीच्या मालकाने शिकवलं. हे गृहस्थ किल्ली द्यायलाच तयार नव्हते. आधी मला बॉनेटपाशी उभं केलं, डिपस्टिक ओढायला लावली, पुसायला लावली, पुन्हा घालून वाचायला लावली. म्हणाले, “हे इंजिन ऑइल पितं आणि ते प्यायलाच हवं.” कारण रोटरच्या टोकाच्या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दामच आत सोडलं जातं आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. इतर गाड्यांत ऑइल कमी झालं की काळजी वाटते, इथे अजिबात कमी झालं नाही तर काळजी करायची.

दुसरा धडा: गार इंजिन चालू करून दोन फूट सरकवून लगेच बंद करायचं नाही. प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग गाडी सहजी चालू होत नाही. त्यामुळे वाटेत मुक्काम केला तिथे कोणी “गाडी जरा पुढे घ्या” म्हटलं, तर मी आधी इंजिन तापू द्यायचो. लोक खोळंबायचे, पण समजावून सांगितलं की ऐकायचे. उलट दोघंतिघं बघायलाच जमायचे.

तिसरा धडा असा की काटा वर न्यायला भ्यायचं नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर अधूनमधून मोकळं सोडावं. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे सगळं मिळून जेमतेम १.३ लिटर. पण सहा गिअरच्या माझ्या गाडीत रेडलाइन ९,००० ला. पिस्टनच्या गाडीत आरपीएम वाढले की एक थरथर जाणवते. इथे ती येतच नाही, आवाज फक्त चढत जातो, आणि काटा कुठे पोचला हे कळायच्या आत इशाऱ्याचा ‘बीप’ वाजतो. रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा तो बीप ऐकला आणि एकटाच मोठ्याने हसलो.

पेट्रोल मात्र खूप लागतं. पंप कुठे कुठे आहेत हे आधी पाहून मगच निघालो होतो. टाकी अर्धी झाली की भरायची, आणि एक आड एक भरताना डिपस्टिक. वाटेत घालायला त्याच ग्रेडच्या ऑइलचा एक डबा सीटच्या मागे ठेवला होता. आधीच्या मालकाला घरी पोचल्यावर फोन केला. पहिला प्रश्न आला, “ऑइल बघितलंत ना?”

* * *

टायरवरचा शिक्का वाचायला शिका, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. ३६०९ असेल तर टायर २००९ सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. मी घेतलेल्या गाडीचे टायर गोटा झालेले नव्हते, नक्षी भरपूर होती. विकणाऱ्याने “जवळपास नवेच” म्हणून सांगितलं. पण ती गाडी वर्षातून मोजकीच बाहेर निघायची, त्यामुळे रबर झिजायच्या आधीच म्हातारं झालेलं. नखाने दाबलं तर दबत नव्हतं, आणि नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा.

हे निघायच्या आधी दिसलं म्हणून बरं, कारण पुढे पाऊस होता. मागच्या चाकांना ताकद देणारी हलकी गाडी, कडक टायर आणि ओला रस्ता यांचा मेळ मला नको होता. त्याच शहरात टायर बदलायचे ठरवले. पुढचे आणि मागचे वेगळ्या मापाचे, मागचे रुंद, तेव्हा ते येईपर्यंत मुक्काम वाढवावा लागला. वाढवला. कोरे टायरही सुरुवातीला थोडे निसरडे असतात, पहिले दोनेकशे किलोमीटर जपूनच घ्यायचे. मग मात्र पावसातही गाडी अशी चिकटून चालली की जुन्या टायरांवर निघालो असतो तर काय झालं असतं, हा विचार नकोसा वाटला.

आणि हो, अशा पुष्कळ गाड्यांत स्टेपनी नसते. फेस भरायची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. खिळा गेला असेल तर त्याने भागतं. टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही, टोइंगवाल्याचा नंबर हाताशी हवा.

* * *

मी ट्रेलरवरून आणली आणि पुन्हा तेच करीन.

माझी गाडी बरीच वर्षं एका शेडमध्ये उभी होती. इंजिन चालू झालं, आवाजही सुरेख होता. पण इंजिन चालू होणं आणि गाडी चालवण्याजोगी असणं यांत फार अंतर आहे. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं फ्लुइड कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापले की त्या फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. शिवाय रबरी होज, टायमिंग बेल्ट, टाकीतलं शिळं पेट्रोल. टायमिंग बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, म्हणजे इंजिनच गेलं. हे सगळं बदलून झालं, मग त्याच गाडीने उलट दिशेने, आधीच्या मालकाच्या दारापर्यंत गेलो. त्यांना आपली गाडी ओळखू येईना. तो प्रवास मी या धाग्यातलाच धरतो.

* * *

आमची साठच्या दशकातली ब्रिटिश रोडस्टर. मी चालवत होते आणि माझी बहीण तिच्या गाडीतून मागे. जुनी गाडी आणायची तर मागे कोणीतरी हवंच, हे तिचंच म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं ठरलं. धूर निघतोय का, थेंब पडतायत का, चाक डुगडुगतंय का, हे चालवणाऱ्याला दिसतच नाही. उजवा ब्रेक लाइट अधूनमधून पेटत नाही हे तिलाच दिसलं. रस्त्याकडेला थांबून बल्ब काढला, होल्डरमधला गंज पॉलिश पेपरने घासला, पुन्हा बसवला. काम झालं.

हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन एसयू कार्ब्युरेटर. त्यांच्या डोक्यावरची टोपी फिरवून काढली की खाली बारीक दांडा निघतो, त्या नळीत थोडं ऑइल हवं. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन गुदमरतं. मेकॅनिकने निघताना दाखवून दिलं होतं, सकाळी गाडी गार असताना पाहायचं. ताईला ते काम इतकं आवडलं की पुढे तीच करायची. “थांब, मी बघते,” म्हणून फडकं घेऊन आधीच हजर.

ओव्हरड्राइव्हचा खटका डॅशबोर्डवर. चौथ्या गिअरमध्ये तो दाबला की आरपीएम सुमारे पाचव्या हिश्शाने उतरतात आणि अख्खी गाडी सैलावते. शेवटच्या टप्प्यात मी ताईला चालवायला दिली आणि मागून पाहत आले. आपली गाडी रस्त्यावर धावताना कशी दिसते हे आपल्याला एरवी पाहायलाच मिळत नाही. बुटकी, रुंद, वळणावर जराशी कललेली. मला फार अभिमान वाटला.

* * *

लोटस एलिस, पहिल्या मालिकेतली. १९९६ ची मूळ गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेली चासी, तिचं वजन फक्त ६८ किलो. याचा अर्थ काय ते लांबच्या रस्त्यावर समजलं. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे डांबर बदललं, पांढरा पट्टा ओलांडला, चाकाखाली वाळू आली की सगळं तळहाताला कळतं. सलग चालवूनही कंटाळा शिवला नाही, कारण हात सतत काहीतरी ऐकत होते.

पण कान थकतात. इअरप्लग न्या. गाडीचा आवाज त्यातूनही येतो, वाऱ्याचा घोंगाट तेवढा कमी होतो. सामान मऊ पिशवीत भरा, कडक बॅग कुठेच मावत नाही. आणि दाराखालची कड उंच आणि रुंद आहे, तिच्यावरून आत शिरायची पद्धत ठरवून घ्या: आधी बूड सीटवर, मग पाय. प्रत्येक पंपावर हे करायचंच आहे.

* * *

आम्ही लवकरच निघतोय, म्हणून विचारते: रोज किती अंतर ठेवावं? आणि कागदपत्रांचं कसं?

* * *

पहिल्या दिवशी कमीच ठेवा. सीट, पाठ, क्लचचा पाय यांचा अंदाज त्याच दिवशी येतो, पुढचं त्यावर ठरवा. दर दोन तासांनी उतरायचंच. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. जुन्या गाडीचे दिवे आजच्या मानाने मंद असतात, आणि बिघाड झाला तर दिवसा माणूस भेटतं.

विमा किल्ली हातात यायच्या आधी सुरू झालेला असू द्या. तारखेबरोबर वेळही बघा, काही पॉलिसी मध्यरात्रीपासून लागू होतात. तात्पुरता नंबर कुठपर्यंत आणि किती दिवस चालतो ते लेखी घ्या. दुसरी किल्ली, सर्व्हिसची पुस्तिका आणि चाकाचा लॉकनट उघडायचा खास तुकडा तिथेच मागून घ्या. हा तुकडा नसेल तर वाटेत चाक निघणारच नाही. साधारणपणे तो टूलकिटमध्ये, नाहीतर ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो.

कोणती गाडी आणताय ते लिहा ना!