मदत हवी आहे: रूबेन डिप पाणचट आणि तेलकट होतं

मंडळी, सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) पार्टीला आमच्याकडे न्यू जर्सीत बरीच माणसं येणार आहेत. गरमागरम रूबेन डिप करायचं ठरवलंय. डेलीतल्या (सँडविचच्या दुकानातल्या) रूबेन सँडविचमध्ये असतं तेच सगळं: कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस), सॉवरक्राउट (आंबवलेला कोबी), स्विस चीज, थाउजंड आयलंड ड्रेसिंग (मेयोनेजचा आंबटगोड सॉस). फक्त ब्रेडच्या मध्ये न भरता क्रीम चीजमध्ये कालवून ओव्हनमध्ये भाजायचं आणि राय ब्रेडच्या तुकड्यांनी खायचं.

माझं प्रमाण: क्रीम चीज आणि किसलेलं स्विस प्रत्येकी ८ औंस, कॉर्न्ड बीफ ८ औंस, सॉवरक्राउट १ कप, ड्रेसिंग अर्धा कप. ३५० फॅरनहाइटला कडेने बुडबुडे येईपर्यंत, म्हणजे साधारण २५ मिनिटं.

चव झकास येते, पण कडेला पाणी सुटतं आणि वर तुपासारखा तवंग येतो. सॉवरक्राउट चाळणीत निथळून घेते. तेवढं पुरत नाही का? फडक्यात बांधून चक्क्यासारखं पिळू का? तवंग बहुधा स्विस जास्त तापल्यामुळे असावा. मग निम्मं चीज शेवटच्या पाच मिनिटांत वरून घातलं तर? तयार किसलेलं चीज मला नकोच, त्याला लावलेल्या स्टार्चमुळे ते नीट वितळत नाही.

दुसरं म्हणजे, निम्मे पाहुणे बीफ खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात टर्की घालणार आहे. शाकाहाऱ्यांसाठी मशरूम परतून घातले तर त्यांचं पाणी पुन्हा नडेल का? कुणी केलंय? आणि मध्यंतरापर्यंत गरम राहायला स्लो कुकर बरा की बिडाचं भांडं?