रस्त्यावरच्या सायकल सफरीसाठी कॅरिअर-पॅनिअर सोडून हलके सामान घ्यावे का?

मूळ लेखन : परतवाड्याचा सायकलस्वार

आपल्या विदर्भात सायकलने मुक्कामी सफर करणारे बहुतेक जण आजही मागच्या कॅरिअरला दोन पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, अडकवून निघतात. डांबरी रस्त्याने आणि गावोगावी मुक्काम करीत जायचे असेल, तर ही पद्धत आता सोडावी आणि बाइकपॅकिंगची सुटसुटीत मांडणी स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मांडणीत सीटखाली एक लांबट बॅग, फ्रेमच्या त्रिकोणात एक चपटी बॅग आणि हँडलला आडवी बांधलेली एक गुंडाळी एवढेच असते.

आधी रिकाम्या सामानाचाच हिशेब करू. ऑर्टलिबची बॅक-रोलर क्लासिक ही 40 लिटरची जोडी रिकामीच सुमारे 1.9 किलो भरते, आणि तिच्यासाठी लागणारे चांगले कॅरिअर पाऊण ते एक किलोचे असते. याउलट 14 ते 16 लिटरची सीट बॅग अर्ध्या किलोच्या आत येते, आणि तिन्ही बॅगा मिळून सव्वा-दीड किलोत काम होते. खरा फरक मात्र त्यानंतर पडतो, कारण 40 लिटर जागा हाताशी असली की ती भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. जाड चादर, मोठा टॉवेल, स्टीलचा डबा, "असू द्या, लागेल" म्हणून घेतलेला कपड्यांचा तिसरा जोड, असे करीत सामान 14-15 किलोंवर जाते. जागाच 25 लिटरची असेल तर प्रत्येक वस्तू घेताना विचार करावा लागतो आणि तेच सामान 8 किलोंत बसते.

विदर्भात तंबू आणि स्टोव्ह वाहून नेण्याची गरज किती, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. शेगावला भक्तनिवास आहे, सेवाग्रामला यात्री निवास आहे, लोणारला राहण्याची सोय होते, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी साधे लॉज व सकाळी तर्री-पोहे मिळतातच. शिवाय हलके निघण्याची कल्पना नवी नाही. थॉमस स्टीव्हन्स 1884 साली उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रवासाला निघाला, तेव्हा त्याच्या हँडलवरच्या पिशवीत मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण म्हणूनही वापरता येणारा एक रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर एवढेच सामान होते. उलट मते अवश्य मांडावीत.

प्रतिसाद : वर्धेकर

भाऊ, आपला हिशेब मांडणीत नीटनेटका आहे, परंतु त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

आपल्याच घाटाचे उदाहरण घेऊ. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना सुमारे 700 मीटर चढावे लागते. 6 किलो जादा वजन 700 मीटर वर नेण्यासाठी सुमारे 41 किलोज्यूल काम करावे लागते, आणि शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवते हे धरले, तरी तो जादा खर्च 40 किलोकॅलरींच्या आसपास येतो. म्हणजे अर्ध्या केळ्याहूनही कमी. वेळेच्या भाषेत सांगायचे तर स्वार, सायकल आणि सामान मिळून 95 किलो असतील, त्यातले 6 किलो कमी केले आणि तेवढाच जोर लावला, तर अडीच तासांच्या चढात नऊ-दहा मिनिटे वाचतात. मला या नऊ मिनिटांची घाई नाही.

सपाटीवर तर वजनाचा प्रश्न आणखी गौण ठरतो. तिथे वाऱ्याचा अवरोध मुख्य असतो, आणि बाजूला फुगलेले पॅनिअर तो वाढवतात हे मी मान्य करतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा अंगावर घेत नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्याला ते चांगलेच जाणवते. पण त्यावर लहान पॅनिअर घेणे आणि ते अर्धेच भरणे हाही उपाय आहेच की. सामान कमी करणे आणि बॅगेचा प्रकार बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीचे फायदे दुसरीच्या खात्यावर जमा करीत आहात.

आता दुरुस्तीचा मुद्दा. लोखंडी कॅरिअरचा पाय तुटला तर आपल्याकडे बहुतेक मोठ्या गावांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सांधणारा वेल्डिंगवाला सापडतो आणि तो पाच मिनिटांत टाका मारून देतो. सीट बॅगेचे बकल फुटले किंवा सीटपोस्टभोवतीची, म्हणजे सीटच्या दांड्याभोवतीची, वेल्क्रोची पट्टी धुळीने भरून पकडेनाशी झाली, तर आर्वीत किंवा दारव्ह्यात तिचा सुटा भाग कोण देणार? रोजच्या वापराचेही पाहा. एसटीच्या टपावर सायकल चढवायची असेल तर पॅनिअरचे हुक दाबले की दोन्ही बॅगा हातात येतात. बाइकपॅकिंगच्या बॅगांचे पट्टे सोडायचे, पुन्हा आवळायचे आणि तळाशी गेलेली एखादी वस्तू काढण्यासाठी सगळी गुंडाळी उलगडायची, हा उपद्व्याप मुक्कामाच्या सफरीत रोज करावा लागतो.

प्रतिसाद : अकोल्याहून

वर्धेकर सरांनी मागच्या चाकाचा विचार केलेला दिसत नाही. आजच्या बऱ्याचशा रोड सायकलींच्या चाकाला 20 ते 28 स्पोक असतात आणि कॅरिअर बसवायला फ्रेमवर भोकेच नसतात. अशा चाकावर 14 किलोंचा भार ठेवून खड्ड्यांतून गेले की गिअरच्या बाजूचे स्पोक तुटतात आणि रिम आऊट होते, म्हणजे चाक वाकडे फिरू लागते. 700 मापाच्या चाकाचा नेमक्या लांबीचा स्पोक तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. पॅनिअरच वापरायचे असतील तर 32 किंवा 36 स्पोकचे चाक घ्यावे. तसे चाक नसेल तर हलके सामान हाच मार्ग उरतो.

प्रतिसाद : यवतमाळची एक सायकलस्वार

या चर्चेत सगळ्यांनी मोठी फ्रेम गृहीत धरलेली दिसते. माझी उंची पाच फुटांच्या थोडी वर आहे आणि माझ्या सायकलीत सीटच्या तळापासून मागच्या टायरपर्यंत जेमतेम वीतभर जागा उरते. मोठी सीट बॅग बांधली की ती खड्ड्यात खाली दबते आणि टायरवर घासते. मैत्रिणीकडून आणलेल्या बॅगेच्या तळाचे कापड घाटंजीच्या रस्त्यावर अशाच घासण्याने झिजून आतली चादर दिसू लागली होती. हँडलची गुंडाळीही अडचणीचीच ठरते, कारण माझे हँडल अरुंद आहे आणि गुंडाळी दोन्हीकडून ब्रेकच्या लिव्हरला टेकते.

आणि पाण्याचे काय? लहान त्रिकोणात फ्रेम बॅग बसवली की पाण्याची एकच बाटली राहते, तीही लहान. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते हे डोक्याला दुपट्टा बांधून सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाण्याची जागा अडवणारे सामान, मग ते कितीही हलके असो, मला आपल्या हवामानाला धरून वाटत नाही. ज्या बायकांना आणि मुलींना सफर सुरू करायची आहे, त्यांना मी लहान कॅरिअर आणि त्यावर एकच मध्यम पिशवी हाच सल्ला देईन.

प्रतिसाद : परतवाड्याचा सायकलस्वार

ताईंचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लहान फ्रेमला मोठी सीट बॅग चालत नाही हे खरेच आहे. तिथे सीटपोस्टला पकडणारा हलका आधार लावून पाच-सहा लिटरची छोटी बॅग वापरता येते, पण कार्बनच्या सीटपोस्टवर तसा आधार आवळू नये. पाण्यासाठी पूर्ण फ्रेम बॅगेऐवजी फक्त वरच्या नळीखालची अरुंद बॅग घ्यावी आणि फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांना, भोके असतील तर दोन्ही बाजूंना एकेक लिटरची बाटली लावावी.

वर्धेकर सरांचा केळ्याचा हिशेब चूक नाही, पण चढावर प्रश्न एकूण ऊर्जेचा नसून त्या क्षणी गुडघ्यावर येणाऱ्या जोराचा असतो. रोड सायकलीचा सर्वांत हलका गिअर बहुधा पुरेसा हलका नसतो, त्यामुळे तीव्र वळणावर ज्याला बसून चढता येते त्याला 6 किलो जादा झाले की उभे राहावे लागते, आणि मागे लटकलेले वजन प्रत्येक पायडलला सायकल डावी-उजवी ओढते. सीट बॅग डोलते अशीही तक्रार असते, पण तो ती कशी भरली याचा प्रश्न आहे. अवजारे, ट्यूब, पॉवर बँक यांसारखे जड सामान फ्रेम बॅगेत तळाशी ठेवावे, सीट बॅगेत सीटपोस्टच्या लगत घट्ट गुंडाळलेले कपडे आणि शेपटाकडे सर्वांत हलकी वस्तू, म्हणजे विंडचीटर, ठेवावी आणि हवा दाबून काढून मगच पट्टे आवळावेत. एवढे केले की बॅग हलत नाही. चप्पल मात्र बाहेरून बांधू नये, पट्टे तिच्यामुळेच सैल होतात.

प्रतिसाद : गडचिरोलीचे एक शिक्षक

आपण सर्वजण शेगाव, लोणार, वर्धा अशा वाटांबद्दल बोलत आहात. आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे निघालात की जंगल सुरू होते आणि लॉजचा हिशेब तिथे लागू पडत नाही. मुक्काम एखाद्या शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा ओळखीच्या घरी होतो, दुकान कुठे उघडे असेल याची खात्री नसते, आणि राज्यात हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांत आमचाही जिल्हा असल्यामुळे मच्छरदाणी ही चैनीची वस्तू राहत नाही. मच्छरदाणी, ती बांधायची दोरी, दोन दिवसांचे खाणे, चार-पाच लिटर पाणी आणि टायरसह दुरुस्तीचे सगळे सामान 25 लिटरमध्ये कसे बसवायचे, हे मूळ लेखकांनी सांगावे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि मुक्काम एकाचा तीन होऊ शकतो. तेव्हा कोरड्या कपड्यांचा जादा जोड "असू द्या, लागेल" म्हणून घेतलेला नसतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की सामानाची मांडणी मार्ग पाहून ठरवावी. शेगावला जाताना मीही खुशाल एका छोट्या बॅगेवर निघेन. पण आमच्याकडे येणार असाल तर 36 स्पोकचे चाक, लोखंडी कॅरिअर आणि दोन पॅनिअर घेऊनच या, आणि निघण्यापूर्वी कॅरिअरचे चारही स्क्रू आवळून एक जादा स्क्रू खिशात ठेवा.