बंदुका थांबल्यात, आता बोलणी कशी सुरू करावीत?

वाटसरू: दोन समाजगटांतला गोळीबार थांबलाय, पण हत्यारं घरोघरी आहेत. लढाई पुन्हा पेटू न देता लोकांनीच बोलून मार्ग काढायचा म्हटलं, तर सुरुवात कुठून करतात? सगळ्यांना एका सभागृहात बसवून एकदाचं बोलू द्यावं का?

आडवळण: लगेच समोरासमोर मुळीच नको. आधी प्रत्येक बाजूच्या वेगळ्या बैठका घ्या. त्यांत तीन गोष्टी काढून घ्यायच्या: भीती कशाची वाटते, काय मिळालं तर हत्यार खाली ठेवाल, आणि तुमच्यात शब्द कोणाचा चालतो. शेवटची सगळ्यांत अवघड. चर्चेला गोड बोलणारे पाठवले जातात आणि बंदूकवाली पोरं ज्यांचं ऐकतात ते घरीच बसतात. मग करार होतो, पाळत कोणी नाही.

एकत्र बैठकीला दोन्हीकडची मिळून बारा-पंधरा माणसं पुरे, त्यापुढे भाषणं सुरू होतात. चालवणारे दोघे, प्रत्येक बाजूचा एकेक. 'सुरुवात कोणी केली' हा विषय पहिल्या दिवशी काढलात की संपलंच. पाण्याची जागा, बाजाराचा रस्ता, शेतावर जाण्यायेण्याची मोकळीक असं काही घ्या, ज्याचा परिणाम पंधरवड्यात दिसेल. आणि कॅमेरे बाहेर! कॅमेरा दिसला की माणूस समोरच्याशी बोलत नाही, आपल्याच लोकांना ऐकवतो.

मध्यस्थ: वरच्याशी सहमत, फक्त 'पंधरवडा' वाचून कोणी घाई करू नये. सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेल्या सोमालीलँडमध्ये १९९३ साली बोरामा शहरात वेगवेगळ्या कुळांचे सुमारे १५० वडीलधारे जमले आणि बोलणी जानेवारीपासून मेपर्यंत चालली. निर्णय शक्यतो सर्वसंमतीने, कारण मतदानात हरलेली बाजू बंदुकीकडे परत जाऊ शकते. मात्र निर्णय घेणाऱ्यांत बायका नव्हत्या, ही त्या पद्धतीची मोठी उणीव.

काठावरचा: माझ्या मते बैठकीपेक्षा दोन बैठकांमधले दिवस जास्त धोक्याचे. पापुआ न्यू गिनीच्या बोगनव्हिल बेटावर १९९७च्या अखेरीस युद्धविरामावर देखरेख करायला शेजारी देशांची निःशस्त्र पथकं आली. गावोगाव फिरायचं, तक्रार ऐकायची, खरं काय ते दोन्हीकडे सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे २००१च्या करारानंतर हत्यारं दोन कुलपांच्या कंटेनरमध्ये गेली. एक किल्ली त्या गटाच्या कमांडरकडे, दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांकडे. 'हत्यार टाका' म्हटलं असतं तर कोणी टाकलं नसतं. 'कुलपात ठेवा, एक किल्ली तुमच्याचकडे' हे पचतं.

अफवांसाठी प्रत्येक बाजूला एकेक माणूस नेमा, एकमेकांचा नंबर असलेला. 'अमक्याला मारलं' असं कानावर आलं की आधी पलीकडच्या नेमलेल्या माणसाला फोन, गर्दी जमवणं नंतर.

वाटसरू: आणि बोलणी नको असलेल्या एखाद्या टोळक्याने मुद्दाम हल्ला केला तर?

आडवळण: करतीलच, हे धरून चाला. उत्तर आधीच लिहून ठेवायचं: दोन्ही बाजूंनी एकत्र निषेध, चौकशीत ज्या त्या बाजूचं सहकार्य, आणि पुढच्या बैठकीची तारीख तीच. उत्तर आयर्लंडमध्ये एप्रिल १९९८ला करार झाला आणि ऑगस्टमध्ये तो नाकारणाऱ्या गटाने ओमा शहरात बॉम्ब फोडला. २९ माणसं गेली, तरी करार टिकला. तारीख पुढे ढकललीत तर त्या टोळक्याला हवं तेच मिळालं.