मदत हवी आहे: ८० हजारात फ्लाइट सिम्युलेटर चालेल असा लॅपटॉप कोणता?

मंडळी, धाकट्या भावासाठी गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय, बजेट ८०, ताणून ८५ हजार. डेस्कटॉप घ्या म्हणू नका, तो हॉस्टेलला असतो. त्याला व्हॅलोरंट नि काउंटर-स्ट्राइक खेळायचंय, ते चालून जाईल, पण सुट्टीत लॅपटॉप माझ्या ताब्यात येणार आणि मला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ चालवायचाय, गोची तिथेच आहे कारण त्याला रेकमेंडेड रॅमच ३२ जीबी आणि या बजेटमध्ये बहुतेक सगळे १६ देतात.

सध्या ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५० की ४०५० यात अडकलोय. ३०५० चं ४ जीबी ग्राफिक्स मेमरीवालं मॉडेलपण खपवतायत, ते नकोच. दुकानदार नुसतं प्रोसेसरचं आय-सेव्हन आय-सेव्हन करतो, ग्राफिक्स कार्ड किती वॅटवर चालतं विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघतो! अहो, तेच ४०५० कमी वॅटवर दिलं तर ढिम्म पडतं ना.

घाटकोपरच्या डोक्यावरून मुंबईच्या रनवे २७ वर उतरताना स्लाइड शो नको एवढंच, मीडियम सेटिंगला सेकंदाला ३०-४० फ्रेम मिळाल्या तरी बास.

तर १६ घेऊन नंतर रॅम वाढवू का? आणि रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते लॅपटॉप न उघडता कसं कळतं? कोणी वापरत असेल तर मॉडेल सांगा, गरम किती होतो तेपण.